सभेस अनुपस्थित

“मावशी, उशीर केलात. त्या सतरंज्या टाका आधी, मग चहाचं बघा.”

आमच्या वर्गाच्या बाई माझ्या आईला हे म्हणाल्या. आई पालकसभेला आली होती. मी पाचवीत होते आणि हॉलच्या दारात गुलाबदाणी धरून उभी होते. येणाऱ्या पालकांवर गुलाबपाणी शिंपडायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर चांगलं, गणवेश स्वच्छ, म्हणून माझी निवड झाली होती.

आई पांढरी साडी नेसून आली होती. निळ्या काठाची. ती साडी वर्षातून दोनदा पेटीतून निघायची, जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला. आमच्या घरात त्याच्या वरचं वस्त्र नव्हतं. लेकीच्या शाळेत पहिल्यांदाच जायचं, म्हणून तिनं ती आदल्या दिवशी धुतली आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. आता योगायोग बघा. त्या शाळेतल्या सेविकांचा गणवेश होता पांढरी साडी, निळे काठ. नेहमीच्या मावशी त्या दिवशी रजेवर होत्या आणि बदलीची बाई यायची होती. बाईंनी साडी पाहिली. चेहरा पाहायची गरज त्यांना वाटली नाही.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी गुलाबदाणीकडे पाहिलं.

आजही मी हे कुणाला सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो. मग तुझ्या आईनं सांगायचं नाही का, मी पालक आहे म्हणून? विचारणाऱ्याला विहार माहीत नसतो. आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मागच्या बाजूला पत्र्याचा विहार होता. तिथं सभा असली की सतरंजी ज्याच्या हाताला लागेल तो टाकायचा. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, टाकायचे. शेजारचे चार्जमन, फॅक्टरीतले वरचे अधिकारी, तेही टाकायचे. बाहेरगावचा वक्ता लवकर आला तर तोही एक टोक धरायचा. सतरंजी टाकणं हे हलकं काम असतं, हे आईला कुणी शिकवलंच नव्हतं. तिला वाटलं, आपण लवकर आलो, इथंही तशीच रीत असणार.

तिनं पदर खोचला आणि सतरंज्या टाकल्या. सुरकुत्या काढल्या. कोपरे जुळवले. मग बाकीचे पालक आले. ते सरळ आत येऊन बसले, कुणी कशाला हात लावला नाही. तेव्हा तिला कळलं असणार. पण तोवर तिच्या हातात किटली आली होती.

सभा सुरू झाली. बाई एकेका मुलीचं नाव घ्यायच्या, त्या मुलीचे आईवडील उठायचे, वहीत सही करायचे. माझं नाव आलं.

“हिचं कोण आलंय?”

आई मागच्या भिंतीला होती. ती एक पाऊल पुढे आली. “बाई, मी...”

“मावशी, इकडे दोन कप राहिलेत. आणि यांना बिनसाखरेचा.” बाईंनी वहीवर काहीतरी लिहिलं. “नाही आलेलं कुणी. बघा, हुशार मुलगी आहे, पण घरून लक्षच नाही.”

सगळे पालक माझ्याकडे वळून बघायला लागले. कीव होती त्यांच्या नजरेत. मी दारात उभी होते. चार शब्दांचं काम होतं. ती माझी आई आहे. तेवढं म्हटलं असतं तर सभा थांबली असती. मी म्हटलं नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीची आई रेशमी साडीत समोर बसली होती. तिच्या देखत मला ते म्हणायचं नव्हतं. आईनं बिनसाखरेचा चहा नेऊन दिला. कप गोळा केले. विसळले. मग मागच्या दारानं निघून गेली. येतानाही मी तिच्यावर गुलाबपाणी शिंपडलं नव्हतं, जातानाही नाही.

प्रगतिपुस्तकात शेरा आला. ‘पालक सभेस अनुपस्थित. पालक उदासीन आहेत.’

आबांना वाचता यायचं. त्यांनी तो शेरा दोनदा वाचला. चौथीपर्यंत मी आमच्या तिथल्या शाळेत होते. तिथल्या गुरुजींच्या सांगण्यावरून आबांनी मला शनिवार पेठेतल्या या मोठ्या शाळेत घातलं होतं. फॅक्टरीत रजा टाकून, फॉर्मसाठी तीन खेपा घालून. त्यांनी आईला विचारलं, “तू गेली न्हवतीस?”

आई म्हणाली, “गेल्ते. पर उशीर झाला. सभा संपली व्हती.”

आबा तिला नाही नाही ते बोलले. आई खाली मान घालून भाकरी थापत राहिली. मी भिंतीला टेकून भूगोलाचं पुस्तक उघडं धरून बसले होते. तेव्हाही चार शब्दांचंच काम होतं. तेव्हाही मी गप्प राहिले.

त्यानंतर आई माझ्या कोणत्याच शाळेत, कोणत्याच कॉलेजात आली नाही. मीही तिला बोलावलं नाही.

पुढचं फार लांबण लावत नाही. मी शिकले. रट्टा मारून शिकले, चिडून शिकले. डी.एड. झालं, बी.एड. झालं, एम.एड. झालं. नोकरी धरून पीएच.डी. केली. विषय कोणता, तर पालकांचा शाळेतला सहभाग. तीनशेवर पानांचा प्रबंध. त्यात आई कुठंच नव्हती. आज मी पुण्यातल्या एका अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापक आहे. उद्याचे शिक्षक घडवते, असं निरोप समारंभात म्हणायची पद्धत आहे.

इथं रुजू झाले त्या आठवड्यात विषयांची वाटणी होती. मानसशास्त्र वाटलं गेलं, मूल्यमापन वाटलं गेलं, तत्त्वज्ञान तर आधीच कुणाच्या तरी नावावर होतं. उरला पालकसंपर्क. वस्त्यांमध्ये जायचं, घरं हिंडायची, उन्हातान्हाचं काम. प्राचार्य म्हणाले, “हे तुम्ही घ्या. तुम्हाला तिकडे जायला संकोच वाटणार नाही.” सगळे हसले. मीही हसले. तुम्ही म्हणाल, हसलीस कशाला? नोकरी नवी होती. आणि हसायची सवय जुनी होती.

पण मग मी तो विषय असा धरला की कुणी बोट ठेवू नये. गृहभेटीचं नोंदपत्रक तयार केलं. चार पानी. घरात पुस्तकं किती, अभ्यासाला जागा आहे का, दिवा कुठं आहे, सभेला कोण येतं. चौदावा मुद्दा असा होता: पालकांचा दृष्टिकोन. उत्सुक, साधारण, उदासीन. योग्य तिथे खूण करा.

हो, तो शब्द मीच घातला. उदासीन. माझ्या प्रगतिपुस्तकातला शब्द उचलून मी माझ्या नोंदपत्रकात घातला आणि मला ते कळलंही नाही. की कळलं होतं आणि मी तिकडे बघितलं नाही? मला आजही खरं सांगता येत नाही.

माझे विद्यार्थी-शिक्षक सराव पाठांसाठी शाळांत जायचे, सभा घ्यायचे, वस्त्यांत जायचे, पत्रकं भरून आणायचे. मी त्यांना बजावून सांगायचे, भावनेच्या आहारी जाऊ नका, जे दिसतं ते नोंदवा. जे दिसतं ते. त्या बाईंनाही साडी दिसलीच होती की.

दुसऱ्या कॉलेजांनी माझं नोंदपत्रक मागून नेलं. टाळ्या मिळाल्या, शाली मिळाल्या. मी तलम इरकली, महेश्वरी नेसायला लागले. पांढरी साडी मात्र एवढ्या वर्षांत नेसले नाही. जयंतीला सुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी मी विभागात बसून पत्रकं तपासत होते. दारात कुणीतरी उभं राहिलं. मान वर न करता डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला निळा ॲप्रन दिसला. पायात प्लॅस्टिकचे बूट दिसले.

मी म्हटलं, “टेबल नंतर पुसा हो. आत्ता काम चालू आहे.”

“पुसाया नाही आले मॅडम. मी प्रांजलची आई.”

मी मान वर केली. तिशीतली बाई. ॲप्रनवर साफसफाईच्या कंपनीचा बिल्ला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. तिला त्याची सवय होती.

मी उठून खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिचं नाव सुनीता. बीडकडून आलेलं कुटुंब, कात्रजला राहतात, नवरा सेंट्रिंगच्या कामावर, ही एका आयटी कंपनीच्या इमारतीत हाउसकीपिंगला. मुलगी प्रांजल आमच्या सरावाच्या शाळेत पाचवीत. शिष्यवृत्तीच्या जादा तासांच्या वर्गासाठी मुलं निवडायची होती. प्रांजल वर्गात दुसरी असून यादीत नव्हती. सुनीताबाई शाळेत विचारायला गेल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी पत्रकाकडे बोट दाखवलं. ‘पालक सभेस अनुपस्थित. उदासीन.’ ज्याला घरून साथ नाही त्याच्यावर जादा मेहनत कशाला, असा त्यांचा विचार. पत्रक कुणाचं, तर कॉलेजचं. म्हणून ती तिथून माझ्याकडे आली होती.

मी पत्रक शोधून काढलं. खाली माझी सही होती. निळ्या शाईत, वळणदार.

“तुम्ही सभेला गेला नव्हता?”

“आल्ते ना. एका तासाची सुट्टी काढून आल्ते. कपडे बदलाया टाइम नव्हता, हेच्यातच आले.” तिनं ॲप्रनला हात लावला. “तुमच्या कॉलेजची पोरगी होती दारात. म्हणली, ताई, ही बारकी पोरं आत रडतायत, जरा बाहेर खेळवा ना. गोड बोलली. मला वाटलं, हे पण सभेतलंच काम असंल. मी सगळ्यांची लेकरं संभाळली. मग तास संपला माझा. गेले.”

मला वाटलं, हे पण सभेतलंच काम असंल.

मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मी तिला म्हटलं, मी हे दुरुस्त करते. ती म्हणाली, “लवकर करा मॅडम. सोमवारपासून वर्ग सुरू हाय.” आणि गेली. तिची ड्युटी होती.

पत्रक भरणाऱ्या मुलीला मी बोलावलं. ऋचा तिचं नाव. वर्गातली सगळ्यात नीटनेटकी मुलगी, पाठाचं टाचण कधी अपुरं नसायचं. मी विचारलं तशी ती रडायलाच लागली. “मॅम, आय स्वेअर, मला वाटलं त्या शाळेच्या स्टाफ आहेत. मी किती पोलाइटली बोलले होते त्यांच्याशी!”

खरंच बोलली होती. आमच्या बाईंसारखी तुसडी नव्हती. मावशीची ताई झाली होती, शेवटी ‘ना’ लागला होता. एवढ्या वर्षांत आमच्या खात्यानं एवढीच प्रगती केली होती. आणि तिला मी काय बोलणार? तासाभरापूर्वी मी तिच्याइतकंही गोड बोलले नव्हते. तिला फक्त एवढंच म्हटलं, रडून झालं की कात्रजला जा, त्या बाईंचं नाव विचार आणि माफी माग.

मग मी प्राचार्यांकडे गेले. माझी सही मागे घेते, तसं पत्र कॉलेजनं शाळेला पाठवावं, असं सांगितलं. हे नवे प्राचार्य, पण ठेवण जुनीच. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सही कुणाची आहे?”

“माझी.”

“मग विषय संपला की. अहो, सोमवारी मूल्यांकन समिती येतेय. तुमचंच नोंदपत्रक आपण उत्तम उपक्रम म्हणून दाखवतोय. विभागप्रमुख म्हणून तुमचंच नाव मी पुढे केलंय. आणि आपण आता म्हणणार, ते चुकीचं आहे. वा! मुहूर्त छान शोधलात.”

मी म्हटलं, एका मुलीचा वर्ग जातोय.

“हे बघा,” ते आवाज मऊ करून म्हणाले, “आपल्यातलं कुणी आलं की माणूस हळवा होतो. मी समजू शकतो.”

सुनीताबाईंची जात मी विचारली नव्हती. मला आजही ती माहीत नाही. सरांनी त्या बाईला पाहिलंही नव्हतं आणि तरी त्यांनी तिला माझ्यातली करून टाकलं. ॲप्रन घातलेली म्हणजे तुमच्यातली. मी उठले. दारापर्यंत गेले. काहीही न बोलता बाहेर आले. होय, त्या दिवशीही मी काही बोलले नाही. पन्नाशी उलटली तरी माझी जीभ पाचवीतच होती.

रविवारी सकाळी मी खडकीला गेले. आई तिथं भावाकडे असते. ओट्यावर बसून मेथी निवडत होती. आबा जाऊन खूप वर्षं झाली. मी तिच्याशेजारी बसले आणि एवढ्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

“आई, त्या पालकसभेनंतर तू आबांना उशीर झाला म्हणून सांगितलंस. का?”

कोणती सभा, असं तिनं विचारलं नाही. तिनं एक काडी मोडली.

“मंग काय सांगू? लेक दारात उभी व्हती आन् तिनं मला वळखली न्हाई, आसं सांगू? त्यांनी तुला उभी चिरली असती.”

“तू बघितलं होतंस?”

“तर. तू त्या पान्याच्या भांड्यात बघत व्हतीस.”

मी रडले. मला वाटलं होतं ती पाठीवरून हात फिरवेल. तिचे हात मेथीतच होते.

“त्या बाईंचा राग नाही येत तुला?” मी विचारलं.

“तिचा कशाला? तिला म्या कोन ते ठावं न्हवतं.” तिनं पुढची काडी उचलली. “तुला ठावं व्हतं.”

एवढंच. पुढे काही नाही. जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. लहान होतीस, असंही म्हणाली नाही. कुठं बघावं ते मला कळेना, हातात गुलाबदाणीही नव्हती. आयुष्यभर मी त्या बाईंवर दात खाल्ले होते. प्रबंध त्यांच्यावरच्या रागावर लिहिला होता. आणि आईनं एका वाक्यात मला माझी जागा दाखवली. साडी बघून फसणारे एका बाजूला. खरं माहीत असून गप्प बसणारे दुसऱ्या बाजूला. मी दुसऱ्यांतली होते. इतकी वर्षं मी त्याच बाजूला उभी राहून सह्या करत होते.

निघताना मी विचारलं, “ती साडी आहे का गं अजून?”

“हाय की. पेटीत. घिऊन जा. म्या काय आता शाळंत जानार न्हाई.”

सोमवारी मी पांढरी साडी नेसून कॉलेजात गेले. काठाचा निळा रंग उडाला होता, एका जागी रफू होता. प्राचार्य दारातच होते. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

“आज पांढरी? काही विशेष?”

“सभा आहे,” मी म्हटलं.

त्याआधी मी एक काम उरकून आले होते. सकाळीच कात्रजच्या शाळेत जाऊन स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र दिलं होतं. या पत्रकावरची माझी सही मी मागे घेते, सदर पालक सभेला हजर होत्या, त्यांना सभेबाहेर कामाला लावलं गेलं, चूक आमची आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली होती. ती पोच माझ्या पर्समध्ये होती.

हॉल सजवला होता. समिती पुढे सोफ्यावर. माझी पाळी आली. पडद्यावर माझं नोंदपत्रक झळकलं. मी म्हटलं:

“यातला चौदावा मुद्दा खोटा आहे. तो मी लिहिला. या पत्रकावर आम्ही कितीतरी आयांना उदासीन ठरवलं. त्यातल्या किती जणी दारापर्यंत येऊन परत गेल्या, किती जणींना आम्हीच कामाला लावलं, याची नोंद करायला यात जागा नाही. माझ्या आईनं माझ्या शाळेच्या पालकसभेत चहा वाटला. तिला अनुपस्थित लिहिलं गेलं. मी तिथं होते आणि बोलले नाही. मागच्या महिन्यात आमच्या एका सभेत एका आईनं सगळ्यांची मुलं सांभाळली. तिलाही अनुपस्थित लिहिलं गेलं. त्यावर माझी सही आहे. या कॉलेजला त्याची दुरुस्ती नको आहे, कारण आज आपण आला आहात.”

समितीचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, “मॅडम, हे फार वैयक्तिक झालं. आपण पुढची स्लाइड घेऊ या.”

“पुढची स्लाइड नाही,” मी म्हटलं आणि खाली उतरले.

इथं गोष्ट संपली असती तर बरं दिसलं असतं. टाळ्या वाजल्या असत्या, मुलीला वर्ग मिळाला असता. तसं काही झालं नाही. विभागप्रमुखपद दुसऱ्याला गेलं, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. प्रांजलचं वाटलं. मुख्याध्यापकांनी माझं पत्र फाइलला लावलं आणि यादी लागली आहे, आता बदल होणार नाही, असं सांगितलं. मी चार वेळा गेले. प्रत्येक वेळी बसा म्हणाले, पाणी दिलं, आणि नाही म्हणाले. शेवटी हे सांगायला मी सुनीताबाईंच्या घरी गेले. त्या ड्युटीवरून नुकत्याच आल्या होत्या. ऐकून घेतलं.

“मंग तुमच्या सहीचा काय उपयोग, मॅडम?” त्या म्हणाल्या. “खोटं लिवताना चालली. खरं लिवताना चालंना?”

प्रांजल कोपऱ्यात बसून गणितं सोडवत होती. तिनं मान वर करून आईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. तिच्या वयाची असताना मला ते जमलं नव्हतं.

त्या वर्षी तिला तो वर्ग मिळाला नाही. जे गेलं ते गेलं. मी तिला शिकवायला जाते वगैरे काही सांगून मला या कहाणीला गोड शेवट करायचा नाही. तिचं नुकसान माझ्या हातून झालं, ते माझ्या नावावर राहील.

कॉलेजनं मला कारणे दाखवा नोटीस दिली. संस्थेची प्रतिमा मलिन केल्याबद्दल. सात दिवसांत लेखी खुलासा हवा होता. सहकाऱ्यांनी सल्ले दिले. दिलगिरी व्यक्त करा, विषय मिटेल. भावनेच्या भरात बोलून गेले, असं लिहा. एक जण तर मसुदाच घेऊन आले. चांगला होता मसुदा. मी तो परत दिला.

आता माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सतरंजी असते. गुंडाळलेली. मी सांगते, टाका. मुलं एकमेकांकडे बघतात, कुणीतरी शिपायाला हाक मारायला निघतं. मी दार लावून घेते. ज्याला सतरंजी टाकता येत नाही त्याला सभा घ्यायचा अधिकार नाही, आणि दारात आलेल्या माणसाला नाव विचारल्याशिवाय काम सांगायचं नाही. एवढे दोन धडे झाल्याशिवाय मी पुस्तक उघडत नाही. काही जण तक्रार करतात. करू देत.

चौदावा मुद्दा अजून छापून येतो. पत्रक आता कॉलेजच्या मालकीचं आहे, माझं त्यावर काही चालत नाही. पण सही माझी लागते. उदासीनवर खूण असलेलं पत्रक आलं की मी विचारते, या बाईचं नाव काय? कामाची वेळ काय? सभेला तू तिला कुठं पाहिलंस? उत्तर नसलं की पत्रक तसंच परत. गठ्ठे अडलेत. प्राचार्य निरोप पाठवतात. नोकरीची अजून काही वर्षं उरलीत. उत्तर नसलेल्या पत्रकावर एकही सही होणार नाही.

आणि नोटिशीचा खुलासा मी सातव्या दिवशी दिला. दोन ओळींचा. पोच घेतली.

‘कात्रजच्या सुनीताबाई सभेला हजर होत्या.

शनिवार पेठेतल्या सभेला माझी आई गयाबाई हजर होती. मी तिला ओळखते.’